एचिझेनच्या किनाऱ्यावर आठ डिसेंबर

वैशाखी पौर्णिमेला आपण तथागतांचा जन्म, संबोधी आणि महापरिनिर्वाण या तिन्ही घटनांचे एकाच दिवशी स्मरण करतो. जपानी बौद्धांनी त्यांचे तीन वेगळे दिवस केले आहेत. जन्म ८ एप्रिलला, महापरिनिर्वाण १५ फेब्रुवारीला आणि संबोधी ८ डिसेंबरला. म्हणजे आपल्या ६ डिसेंबरनंतर अवघ्या दोन दिवसांनी. हे समजले तेव्हाच आमचे ठरले. जपानला जायचे तर चेरीच्या फुलांच्या दिवसांत नव्हे, डिसेंबरच्या थंडीत जायचे. आणि टोकियोचे दिवे पाहायला नव्हे, तर समुद्रकाठच्या फुकुई प्रांतात जायचे, जिथे झेन परंपरेचे एइहेजी हे थोर विहार आहे.

जपानविषयी आपल्या वस्त्यांत आपुलकी आहे. नागपूरचे भदंत सुरई ससाई मूळचे जपानी. मुंबईत वरळीचे जपानी बुद्धविहार कितीतरी कामगार कुटुंबांनी पाहिलेले. पण ज्या देशात बौद्ध धम्म दीड हजार वर्षे नांदला, तिथला साधा माणूस कसा राहतो, काय खातो, आणि मुख्य म्हणजे त्याच्यात उच्च-नीच आहे की नाही, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? हा शेवटचा प्रश्न घेऊनच आम्ही चौघे निघालो होतो. आमच्यात एक महानगरपालिकेच्या सफाई खात्यातून निवृत्त झालेले काका होते आणि सरकारी दवाखान्यात आयुष्य घालवलेल्या परिचारिका ताई होत्या. काकांचा पुतण्या ओसाकात नोकरीला आहे. त्याला जपानी बोलता येते, म्हणून हा प्रवास जमला.

ओसाकाहून थंडरबर्ड नावाची जलद गाडी त्सुरुगापर्यंत नेते. तिथे उतरून शिंकान्सेन पकडायची. ही अतिवेगवान गाडी मार्च २०२४ पासून त्सुरुगापर्यंत येऊ लागली आहे. ओसाकात लख्ख ऊन होते. डोंगरातले बोगदे ओलांडले आणि काचेवर पावसाचे थेंब आले. जपानचा हिवाळा असाच दुभंगलेला आहे. सैबेरियाकडून कोरडा, गार वारा येतो. वाटेत जपानच्या समुद्रातल्या उबदार प्रवाहावरून येताना तो पाणी पितो, ढग होतो आणि डोंगराला अडून या बाजूला पाऊस नि बर्फ ओततो. पावसाळी वारे सह्याद्रीला अडून कोकणात कोसळतात, तसेच हे. इथे ते थंडीत घडते, एवढाच फरक. डोंगरापलीकडे मात्र निळे आकाश.

म्हणून इकडे एक म्हण आहे: जेवणाचा डबा विसरलास तरी चालेल, छत्री विसरू नकोस. पहिल्याच दिवशी आम्हाला तिचा अर्थ कळला. दहा मिनिटे ऊन, दहा मिनिटे पाऊस, मग गारा, पुन्हा ऊन. हिवाळ्याच्या तोंडाला इथे ढगही गडगडतात. मच्छीमार त्या गडगडाटाला 'बुरी ओकोशी' म्हणतात. बुरी हा मोठा मासा. त्याला जागे करणारा, तो हा आवाज. गडगडाट झाला की बुरी जाळ्यात येणार.

फुकुई शहर दिसायला साधेच. १९ जुलै १९४५ च्या हवाई हल्ल्यात ते जळाले आणि उभे राहते न राहते तोच २८ जून १९४८ च्या भूकंपात पुन्हा पडले. त्या भूकंपात साडेतीन हजारांहून अधिक माणसे गेली. आज पाहाल तर रुंद रस्ते, नीटनेटकी दुकाने आणि बागेतल्या पाइन झाडांना छत्रीच्या काड्यांसारखे बांधलेले दोर. बर्फाच्या ओझ्याने फांदी मोडू नये म्हणून ही तजवीज.

शेजारच्या साबाए शहराची गोष्ट आमच्या कामगार वाचकांनी मुद्दाम ऐकावी. बर्फ पडला की इथल्या शेतकऱ्याच्या हाताला काम उरत नसे. माणसे मजुरीसाठी मोठ्या शहरांकडे जात. १९०५ साली मासुनागा गोझाएमोन या गृहस्थाने ओसाकाहून कारागीर आणवले आणि गावातल्या तरुणांना चष्म्याच्या दांड्या-चौकटी बनवायला शिकवले. हिवाळ्यात घरात बसून करता येईल असा धंदा त्याला हवा होता. आज जपानात तयार होणाऱ्या चष्म्याच्या चौकटींपैकी नव्वद टक्क्यांच्या वर इथल्या असतात. शिकलेले कसब गावातच राहिले, म्हणून गावही राहिले.

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर नसणे सर्वांच्याच जिवाला लागले. सकाळी खोलीत बाबासाहेबांची तसबीर ठेवून वंदना घेतली. ताईंनी मुंबईहून मेणबत्त्या आणल्या होत्या. पण लाकडी घर आहे, ज्योत नको, असे मालकीणबाईंनी हात जोडून सांगितले. मग नुसतीच फुले वाहिली.

८ तारखेला सकाळी एइहेजीला गेलो. डोंगराच्या कुशीत, शेकडो वर्षांच्या उंचच उंच देवदारांत हे विहार दडले आहे. दोगेन या आचार्यांनी १२४४ साली ते स्थापिले. चीनमध्ये ज्या राजवटीच्या काळात बुद्धवचन प्रथम पोहोचले असे मानतात, त्या काळाचे नाव त्यांनी या विहाराला दिले. सत्तरच्या आसपास इमारती उतारावर पसरलेल्या आहेत आणि लाकडी जिन्यांनी नि झाकलेल्या वाटांनी एकमेकींना जोडल्या आहेत. जिने पुसून पुसून आरशासारखे झालेले. शिकाऊ भिक्खू रोज पहाटे ओल्या फडक्याने ते पुसतात, पळत पळत, वाकून.

१ ते ८ डिसेंबर हा झेन विहारांत कडक साधनेचा आठवडा असतो. बोधिवृक्षाखालच्या तथागतांच्या निश्चयाची आठवण म्हणून भिक्खू दिवसभर ध्यानाला बसतात. बाहेरच्या माणसाला त्या दालनात प्रवेश नाही, आणि नसावाच. आम्ही बाहेरून फक्त घंटेचा आवाज ऐकला.

या विहारात तीन ठिकाणी बोलायला मनाई आहे. एक ध्यानाचे दालन, जिथे भिक्खू झोपतात आणि जेवतातही. दुसरे स्नानगृह. आणि तिसरे शौचालय! होय, शौचालय हे तिथे साधनेचे स्थान आहे. दोगेननी शौचाला कसे जावे, हात कसे धुवावेत, यावर स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. ते साफ करण्याचे काम भिक्खूंचेच. त्यासाठी वेगळी जात नाही, वेगळा पगारी माणूस नाही. काका त्या दाराशी बराच वेळ उभे राहिले. पुतण्याने विचारले, काका, काय झाले? ते म्हणाले, "काही नाही रे. तेहतीस वर्षं हेच काम केलं. कुणी त्याला ध्यान म्हणालं नाही."

स्वयंपाकाचेही तसेच. दोगेननी १२३७ साली विहाराच्या स्वयंपाक्यासाठी एक पुस्तक लिहिले. तांदूळ निवडताना खडा आणि दाणा दोन्हींकडे लक्ष असू दे, भाजीचे साधे पान हातात आले तरी ते हलके मानू नकोस, असा त्याचा आशय. स्वयंपाकघराजवळ माणसाच्या दुप्पट उंचीचे लाकडी मुसळ टांगले आहे. त्याला हात चोळला की हाताला चव येते म्हणतात. ताईंनी हात चोळला. चमत्कारावर आमचा विश्वास नाही. पण रांधणाऱ्या हातांचा असा मान ठेवलेला आपल्या किती मंदिरांत दिसेल?

आता तो प्रश्न. जपानात उच्च-नीच आहे का?

आहे. तिथे चामड्याचे, जनावरे कापण्याचे, मेलेली गुरे उचलण्याचे काम करणाऱ्यांना शेकडो वर्षे अपवित्र ठरवून वेगळ्या वस्त्यांत ठेवले गेले. त्यांना आज बुराकु समाज म्हणतात. दिसायला, बोलायला ते इतर जपान्यांसारखेच. वंश तोच, भाषा तीच. १८७१ साली सरकारने हुकूम काढून त्यांचे वेगळेपण कायद्याने संपवले. पण लग्न ठरवताना आणि नोकरी देताना माणसाचे मूळ गाव शोधणे संपले नाही. १९७५ साली तर बुराकु वस्त्यांच्या नावा-पत्त्यांच्या याद्या कंपन्यांना चोरून विकल्या जात असल्याचे उघडकीस आले. ३ मार्च १९२२ रोजी क्योतोत या समाजाने 'सुइहेइशा' ही संघटना उभी केली. सुइहेइ म्हणजे पाण्याच्या पातळीसारखे सपाट, समान. तिचा जाहीरनामा लिहिणारे साइको मानकिची हे स्वतः एका बौद्ध मंदिरात वाढलेले होते. या चळवळीने सुरुवातीलाच दोन्ही होंगानजी मठांना बजावले, की पुढची वीस वर्षे आमच्या वस्त्यांतून देणगी मागू नका.

एइहेजी ज्या सोतो पंथाचे मुख्य विहार आहे, त्या पंथावरही हा डाग आहे. जपानात माणूस गेला की भिक्खू त्याला धम्मनाम देतात. ते दगडावर कोरतात, मंदिराच्या वहीत लिहितात. बुराकु माणसाला देताना त्या नावात जनावर, चाकर, चामडे अशा अर्थाची अक्षरे घालण्याची रीत काही ठिकाणी होती. मेल्यावरही जात सोडायची नाही! १९७९ साली अमेरिकेत भरलेल्या जागतिक धर्म परिषदेत या पंथाच्या एका प्रमुखाने, जपानात असा भेदभाव नाहीच, असे सांगितले आणि अहवालातला उल्लेख काढायला लावला. बुराकु मुक्ती चळवळीने त्यांना जाब विचारला. पुढे त्यांनी आपले विधान मागे घेतले. पंथाला आपल्या मंदिरांतल्या वह्या नि थडगी तपासावी लागली, नावे बदलावी लागली, मानवाधिकारासाठी वेगळा विभाग काढावा लागला. इतर पंथांनाही हेच करावे लागले.

ज्या परंपरेने शौचालयाला साधनेचे स्थान केले, तिच्याच मंदिरांच्या वह्यांत हे लिहिले गेले. आम्ही चौघे त्या रात्री यावर बोलत बसलो. ताईंचे म्हणणे होते, की विहाराच्या आत समता पाळणे सोपे, वेशीबाहेर अवघड. काकांना ते पटले नाही. ते म्हणाले, वहीत ते अक्षर लिहिणारा हात तर आतलाच होता. आम्ही काकांच्या बाजूचे आहोत. मात्र एवढेही खरे, की विचारणारे उभे राहिले तेव्हा वह्या उघडाव्या लागल्या आणि चूक कबूल करावी लागली.

या किनाऱ्यावर बौद्धांची दुसरीही एक वाट आहे, आणि गोरगरिबांत तीच अधिक चालली. शिन्रान (जन्म ११७३) या आचार्यांना १२०७ साली याच समुद्राच्या काठी, उत्तरेकडे एचिगो प्रांतात हद्दपार केले होते. ते विवाहित होते. मी ना भिक्खू ना गृहस्थ, असे स्वतःविषयी म्हणत. शिकारी आणि फेरीवाले यांना ते 'आपण' म्हणून जवळ करत. वाटेवरचे दगड-कौलांचे तुकडे असतात ना, तसेच आपण, असा त्यांचा भाव. त्यांच्या परंपरेतले रेन्यो १४७१ साली इथल्या योशिझाकी या टेकाडावर येऊन राहिले. ते साध्या बोलीत पत्रे लिहीत आणि ती गावोगाव वाचून दाखवली जात, कारण शेतकऱ्याला चिनी अक्षरे वाचता येत नव्हती. चार वर्षांत टेकाडाभोवती वस्ती फुलली. नंतर १४८८ साली शेजारच्या कागा प्रांतात याच अनुयायी शेतकऱ्यांनी सरदाराला हाकलले आणि सुमारे नव्वद वर्षे त्या प्रांतावर त्यांचा आणि छोट्या जमीनदारांचा ताबा राहिला. एचिझेनमधला त्यांचा उठाव मात्र १५७५ साली ओदा नोबुनागाच्या फौजेने हजारो माणसे मारून चिरडला. आज योशिझाकीला गेलात तर मोकळे मैदान, पुतळा आणि खाली दिसणारे पाणी, एवढेच. आम्ही गेलो तेव्हा दुसरे कोणी नव्हते.

ती परंपरा ताटात मात्र अजून आहे. शिन्रान यांच्या स्मृतीचा होओंको हा विधी हिवाळ्याच्या तोंडाला होतो. गावातल्या बाया मिळून त्याचे शाकाहारी जेवण रांधतात. त्यात जाडजूड तळलेला टोफू, म्हणजे सोयाबीनच्या दुधाचे पनीर, हवेच. या टोफूवर घरटी खर्च करण्यात फुकुई शहर कित्येक दशके जपानात पहिले आहे. तळहाताएवढा तुकडा, वरून कुरकुरीत, आत मऊ, सोबत किसलेला मुळा. इथला मुळा तिखट. बकव्हीटच्या शेवयाही तोच मुळा घालून गारच खातात, तेही बर्फाच्या दिवसांत. आणि मिझुयोकान! लाल चवळीसारख्या कडधान्याची गोड, पातळ वडी. बाकीचा जपान ती उन्हाळ्यात खातो, फुकुईकर थंडीत शेगडीच्या मेजाखाली पाय घालून खातात. असे सांगतात, की क्योतोकडे दुकानांत उमेदवारी करणारी गरीब पोरे वर्षअखेरीला घरी येत, तेव्हा स्वस्तातली ही वडी घेऊन येत. ज्यांची मुले गावी येताना एसटीतून मिठाईचा पुडा आणतात, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

समुद्राकडे एचिझेन रेल्वेने जायचे. एका डब्याची गाडी. तिच्यात एक तरुणी तिकीट देते, म्हाताऱ्यांना हात धरून उतरवते. या मार्गावर पूर्वी दुसरी कंपनी होती. डिसेंबर २००० आणि जून २००१ मध्ये, म्हणजे सहा महिन्यांत दोनदा, गाड्या समोरासमोर धडकल्या. पहिल्या अपघातात मोटरमनचा जीव गेला. गाड्या बंद झाल्या. मग बर्फात बस अडकू लागल्या, मुले शाळेत नि माणसे कामावर वेळेवर पोहोचेनात. लोकांनी गाडी परत मागितली. गावे, प्रांत आणि खासगी भागीदार यांनी मिळून २००२ साली नवी कंपनी काढली आणि २००३ साली गाडी पुन्हा धावू लागली. मुंबईकराला गाडीचे मोल कोणी शिकवायला नको.

मिकुनी बंदरात ६ नोव्हेंबरला खेकड्यांचा हंगाम उघडतो. नर खेकडा मोठा, लांब पायांचा. त्याच्या नांगीला पिवळी पट्टी बांधतात, ती एचिझेनची खूण. दहा-वीस हजार येन आणि त्याहून कितीतरी जास्त भाव एका खेकड्याला! आमच्या काकांनी हिशेब केला आणि नुसतेच पाहून घेतले. पण मादी लहान असते. तिला 'सेइको' म्हणतात. पोटात गाबोळी भरलेली, भाव नराच्या मानाने फारच कमी. स्थानिक कुटुंबे तीच खातात आणि चवीला तीच बरी, असे वर सांगतात. तिला ३१ डिसेंबरपर्यंतच पकडता येते, पुढे बंदी, म्हणजे पुढच्या वर्षी समुद्रात काही उरेल. आम्ही चौघांत दोन घेतल्या. आपल्या चिंबोरीच्या कालवणाची सर नाही, पण गोडवा वेगळाच.

मिकुनीच्या पुढे तोजिंबो आहे. समुद्रातून वर आलेले दगडी खांब, पाच-सहा कोनांचे, एकमेकांना चिकटून उभे, पंचवीस मीटरपर्यंत उंच. लाव्हा थंड होताना तडकला की असे खांब होतात. डिसेंबरात लाटा त्यांच्यावर अशा आदळतात, की फेसाचे गोळे वाऱ्यावर उडून अंगावर येतात. त्याला तिथले लोक 'लाटांची फुले' म्हणतात.

पण या कड्याचे दुसरे नाव जपानभर पसरलेले आहे. जगण्याला कंटाळलेली माणसे इथे येतात. नोकरी गेलेली, कर्जात बुडालेली, छळाने खचलेली. एका पोलीस अधिकाऱ्याने निवृत्तीनंतर २००४ साली इथे गस्त सुरू केली. सोबतीला स्वयंसेवक. दिवस मावळायच्या सुमारास, एकटे, हातात कॅमेरा नाही की पिशवी नाही, असे कोणी दगडावर बसलेले दिसले की जवळ जाऊन नुसते विचारायचे, कसे आहात? मग आपल्या छोट्या चहाच्या दुकानात न्यायचे, किसलेला मुळा घातलेली तांदळाची मोची खायला द्यायची आणि ऐकून घ्यायचे. तेवढ्यावर थांबत नाहीत. राहायला खोली, कर्जाचा वकील, नवे काम, कार्यालयात सोबत जाणे, सगळे करतात. अशी शेकडो माणसे परत फिरली आहेत. कड्याजवळच्या टेलिफोनच्या खोक्यात दहा येनची नाणी ठेवलेली असतात. ज्याच्या खिशात काही उरले नाही, त्यालाही एक फोन करता यावा.

परिचारिका ताई त्या नाण्यांपाशी थांबल्या. जळालेल्या, विष घेतलेल्या कितीतरी सुना त्यांनी रात्रपाळीत पाहिल्या आहेत. आपल्या घरात, शेजारी कोणी असे गप्प गप्प झाले असेल, तर त्याला एकटे सोडू नका. सरकारची टेलिमानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही, पैसे न घेता, रात्रंदिवस बोलते. हा क्रमांक विहाराच्या फलकावर लिहून ठेवायला हरकत नाही.

परतीच्या वाटेवर किनाऱ्याच्या उतारांवर पांढऱ्या नार्सिसस फुलांचे मळे लागले. डिसेंबरात फुलणारे, गोड वासाचे, समुद्राच्या वाऱ्यात माना हलवणारे. म्हाताऱ्या बाया डोक्याला रुमाल बांधून फुले कापत होत्या. हरणे आणि रानडुकरे कंद उकरतात, तरुण शहरात गेले, मळे ओस पडतात. हे सगळे आम्ही गावाकडे ऐकतोच.

मग त्सुरुगा. या प्रांतात अणुभट्ट्या पंधरा उभारल्या गेल्या. वीज बहुतेक ओसाका-क्योतोकडे जाते. त्यातल्या दोघींना बोधिसत्त्वांची नावे दिली होती: 'फुगेन' म्हणजे समंतभद्र आणि 'मोंजु' म्हणजे मंजुश्री. करुणा आणि प्रज्ञा यांनी या शक्तीला आवर घालावा, अशी कल्पना. त्या मोंजुत ८ डिसेंबर १९९५ रोजी, नेमक्या संबोधीच्या दिवशी, सोडियम गळून आग लागली. २०१६ साली ती कायमची बंद करायचे ठरले. मिहामाच्या भट्टीत ९ ऑगस्ट २००४ रोजी वाफेची नळी फुटून पाच कामगार गेले. पाचही ठेकेदाराकडचे. फुकुशिमाच्या दुर्घटनेनंतर, नोव्हेंबर २०११ मध्ये, अणुवीज न निवडता कसे जगता येईल यावर एइहेजीने सभा घेतली. कोकणातल्या जैतापूरच्या वाचकांना ही नावे जपून ठेवावीशी वाटतील.

ज्या कुटुंबांना जायची इच्छा आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात बर्फ क्वचित, पाऊस रोज. तेव्हा छत्री आणि पाणी न शिरणारे बूट घ्यावेत. फुकुई स्थानकावरून एइहेजीला थेट बस आहे, पण परतीची वेळ आधी पाहून ठेवावी, संध्याकाळी लवकर थांबते. खेकड्याच्या दुकानात भाव विचारायला लाजू नये. आणि लोकरी मोज्यांचे दोन जोड हवेतच. विहारात पादत्राणे काढून जिने चढायचे असतात. ते आरशासारखे लाकूड डिसेंबरात लादीसारखे गार असते आणि पहिला जोड अर्ध्या तासात ओला होतो.